डावा आठ, उजवा नऊ

सपाट पाय हा काही गुन्हा नाही. आणि असता, तरी भाऊंनी त्याची शिक्षा जन्मभर उभं राहून भोगलेली होती. बुटांच्या दुकानातला सेल्समन गिऱ्हाईक आलं की त्याच्या पायाशी बसतो आणि एरवी उभा असतो. भाऊ ओल्या पायांनी फरशीवरून गेले तर मागे पावलं उमटत नसत, इस्त्रीचे ठसे उमटत. त्यातला उजवा पाय सपाट असला तरी निमूट होता. डाव्याने मात्र अलीकडे बंड पुकारलं होतं. त्याची टाच बाहेर सरकली, घोटा आत कलला, आणि दुकान बंद व्हायच्या सुमारास भाऊ असे चालायला लागले की दारातून आत येणारं गिऱ्हाईक त्यांना आधी वाट करून द्यायचं आणि मग पलीकडच्या दुकानात जायचं.

मालकांनी बरेच दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एकदा त्यांनी भाऊंना काउंटरमागे बोलावलं.

"भाऊ, राग मानू नका. पण बुटांच्या दुकानात लंगडणारा सेल्समन म्हणजे औषधाच्या दुकानात खोकणारा दुकानदार. लोकांचा विश्वास उडतो हो."

"संध्याकाळीच जरा होतं, मालक. सकाळी मी ठणठणीत असतो."

"गिऱ्हाईक संध्याकाळीच येतं. शाळा उघडायच्या हंगामाआधी पायाचं काय ते करून घ्या. नाहीतर सरळ आत गोदामात बसा. तिथे तुमची चाल बघायला कोणी येत नाही."

गोदाम! ज्याचा बाप किंवा काका बुटांच्या दुकानात नोकरीला नसेल त्याला या शब्दाची दहशत कळायची नाही. न्यायाधीशाला खुर्ची असते तसं भाऊंना स्टूल होतं. बुटकं, पुढून उतरतं, त्या उतारावर गिऱ्हाईक पाय ठेवतं. त्या स्टुलावर बसून भाऊंनी बापाचे पाय पाहिले, मग मुलाचे पाहिले, आणि मग मुलगा आपल्या मुलाला घेऊन आला तेव्हा "खानदानी अंगठा आहे" असं म्हणून तिघांनाही एकेक जोड विकला. ते स्टूल सोडून आत खोक्यांच्या भिंतीआड जाऊन बसायचं म्हणजे जिवंतपणी अडगळीत जमा होणं. आणि हे बोलणं चालू असताना मालकांचा मेहुणा, ज्याचा आजवर कुठल्याच धंद्यात जम बसला नव्हता, तो ते स्टूल आपल्या हातरुमालाने पुसत होता.

भाऊंच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला: माप घेतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. दुसरा: बूट घट्ट झालाच, तर अंगठ्याने पुढचं टोक दाबायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "चामडं आहे, होईल सैल." पहिला नियम खरा होता. दुसऱ्यावर दुकान चालत होतं. मेहुण्याला हे दोन्ही भाऊंनीच शिकवले होते, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

हाडांच्या डॉक्टरांनी भाऊंना उभं केलं, मागून पाहिलं, एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं आणि भाऊ त्यांच्या अंगावर पडल्यावर निदान केलं.

"पायाची कमान उचलून धरणारी दोरी झिजलीय. टाचेचं हाड कापून आतल्या बाजूला सरकवायचं. बाहेरच्या हाडात पाचर बसवायची. मग कमान उभी राहते. आणि सगळं जागच्या जागी राहावं म्हणून आतून स्क्रू आणि प्लेट लावायची."

"दोन्ही पायांना?"

"एका वेळी एकच. दोन्ही केले तर उभे कशावर राहाल?"

हे भाऊंना पटेना. त्यांच्या धंद्यात सगळं जोडीनेच देतात. एक बूट मागायला आलेल्या माणसाकडे भाऊंनी आयुष्यभर संशयाने पाहिलं होतं, आणि आता स्वतःच एक पाय करून घ्यायला निघाले होते. पण समोर गोदाम दिसत होतं. ते हो म्हणाले.

घरी भाऊंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, 'स्क्रू' हा शब्द ऐकला आणि त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे दोन भोकं होती. पूर्वी एकदा भाऊंनी स्वतःच्या हातांनी, वर शीळ घालत, तिथे फळी ठोकली होती. फळी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. सगळ्या बरण्यांसकट खाली आली. तेव्हापासून या घरात कुठलाही विषय निघाला, तरी तो फिरून फळीपाशी यायचा.

"अहो, भिंतीत तुमचे दोन स्क्रू टिकले नाहीत. पायात टिकणार?"

"ते मी मारणार नाहीये. डॉक्टर मारणार आहेत."

"पाय तर तुमचाच ना?"

भाऊंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. हयातभर त्यांनी नाल्यांवर पूल बांधले होते, त्यामुळे कमान या विषयावर दुसऱ्या कोणी बोलणं त्यांना खपत नसे. बातमी कळताच ते खाली आले, त्यांनी भाऊंचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावर पेन्सिलीने एक रेघ मारली.

"कमान कशावर उभी राहते, सांगा बरं? स्क्रूवर? छे! मधल्या दगडावर. तुमच्या पायात मधला दगड कुठला, ते विचारा त्या डॉक्टरला. नाव सांगता आलं नाही तर तसेच उठून या."

"ते म्हणतात हाड आपोआप जुळतं."

"जुळेल ना. पण त्यावर पाणी किती दिवस मारायचं ते विचारलंत?"

भाऊंनी खरंच विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की प्लास्टरवर पाणी मारायचं नसतं. ओव्हरसियर हे ऐकून नुसते हसले. "म्हणूनच तडे जातात," ते म्हणाले.

मग विम्याचं ऑफिस. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "पाय जन्मापासून सपाट आहेत?"

"हो." भाऊ प्रामाणिक होते. प्रामाणिक माणसाने विम्याच्या ऑफिसात एकट्याने जाऊ नये.

"मग हे पॉलिसीच्या आधीचं झालं. बसत नाही."

"साहेब, मीच पॉलिसीच्या आधीचा आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दिसायला चांगला व्हावा म्हणून करताय का?"

"पाय? आणि दाखवू कोणाला?"

हे त्यांना काहीसं पटलं, पण खात्रीसाठी भाऊंना तिथेच मोजे काढायला लावले. बघता बघता शेजारच्या टेबलावरचे आले, जिन्यावरचे आले, चहावाला किटली घेऊन थांबला. भाऊ त्या गर्दीच्या मधोमध अनवाणी उभे होते आणि लोक जमिनीवर गाल टेकून त्यांच्या तळव्याखालून पलीकडचं दिसतं का ते बघत होते. दिसत नव्हतं. एवढ्यात एका कारकुनाने आपलाही बूट काढला आणि तो पांढराफटक पडला. त्याचाही पाय तसाच निघाला. त्यानेच मग भाऊंचा कागद सगळ्या टेबलांवरून स्वतः फिरवून आणला, पुढेमागे आपल्याला उपयोगी पडेल म्हणून. भाऊंची अब्रू गेली, पण मंजुरी मिळाली.

त्या आनंदात भाऊंनी एक गोष्ट केली. दुकानात काचेच्या कपाटात चॉकलेटी रंगाचे, नाडीचे बूट होते. कमरेत बारीक आणि आतून मधोमध उंचवटा. असले बूट भाऊंनी शेकडो लोकांच्या पायांत चढवले होते आणि स्वतःच्या पायांत एकदाही नाही, कारण त्यांचा पाय त्यातून दोन्ही बाजूंनी उतू गेला असता. आता कमान येणारच होती. भाऊंनी नऊ नंबरचा जोड बांधून घेतला आणि घरी आणून कपाटावर ठेवला.

"मोजून घेतलात का?" वहिनींनी विचारलं.

"माझा पाय मी काय मोजू? जन्मभर नऊ आहे."

वाचकहो, इथे तुम्हाला पहिला नियम आठवला असेल. भाऊंना आठवला नाही. जो पाय जन्मभर नऊ होता, तोच तर बदलायला ते निघाले होते.

ऑपरेशनच्या वेळी फक्त कमरेखालची भूल दिली होती, त्यामुळे हिरव्या पडद्याच्या अलीकडे भाऊ पूर्ण जागे होते. पलीकडून आधी करवत ऐकू आली, मग ड्रिल. ते आवाज आपल्या पायातून येत आहेत यावर विश्वास बसणं कठीण होतं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "हा मोठा होतोय. एक नंबर लहान दे."

भाऊंच्या अंगात आयुष्यभराची सवय जागी झाली. "लहानच घ्या," ते पडद्याआडून म्हणाले. "मोठा मागून निघतो."

ड्रिल थांबलं.

"पेशंट जागा आहे?"

"जागा आहे आणि सल्ला देतोय," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या.

"आणि एकदा उभं करून बघा," भाऊ म्हणाले. "बसल्या बसल्या ठरवू नका." यानंतर बाईंनी दंडात आणखी एक इंजेक्शन दिलं आणि भाऊंचं पुढचं मार्गदर्शन कोणाला मिळालं नाही.

मग घर. डावा पाय उशांच्या ढिगावर, आणि डॉक्टरांची ताकीद अशी की त्याचा अंगठासुद्धा जमिनीला टेकवायचा नाही. काखेत कुबड्या. सगळा भार निमूट उजव्यावर. तो बिचारा रात्रंदिवस राबत होता आणि कौतुक सगळं डाव्याचं चालू होतं. येणारा-जाणारा डाव्यालाच विचारायचा. ओव्हरसियरांनी प्लास्टरवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि "पोकळ वाजतंय" असा अभिप्राय दिला. एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून ते बराच वेळ मान तिरकी करून उभे होते.

"स्क्रू तिरके गेलेत."

"तिरकेच घालतात म्हणे."

"चुकल्यावर असंच सांगतात. थांबा, स्क्रू कसा मारतात ते मी तुम्हाला दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. स्वयंपाकघरातली फळी त्यांनी पुन्हा बसवली, लाकडी खुंट्या ठोकून, पातळी तपासून, आणि वर लोंबकळून दाखवून. वहिनींनी इतक्या वर्षांनी तिथे बरण्या मांडल्या. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच भाऊंच्या बाजूने काहीतरी घडलं असं वाटलं. पुढे एकदा भाऊ पाणी प्यायला कुबड्या टेकत आत गेले, वळताना कुबडीचं टोक फळीला किंचित लागलं, आणि सगळ्यात जड बरणी बरोबर उजव्या पायाच्या अंगठ्यावर आली. म्हणजे आता ज्या पायावर उभं राहायचं नव्हतं तो बरा होता आणि ज्यावर उभं राहायचं होतं तो सुजला होता.

"पडली," वहिनी एवढंच म्हणाल्या.

दुकानातून कॅशियरबाई फोन करायच्या. तब्येतीची चौकशी झाली की मग खरी बातमी. मेहुणा स्टुलावर बसायला लागला होता. मेहुण्याला विक्री जमायला लागली होती. आणि एक दिवस त्या चाचरत म्हणाल्या, "भाऊ, त्याने स्टुलावर गादी घातलीय." भाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. गादी घालणारा माणूस उठायच्या विचाराने बसत नाही, हे त्यांना कळत होतं.

यथावकाश प्लास्टर उतरलं, मग त्यानंतर दवाखान्याने घातलेला फुगीर, जाडजूड पट्ट्यांचा बूट उतरला, सूज उतरली, आणि डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे दिव्यावर लावला.

"हाड मस्त जुळलंय."

"आणि स्क्रू?" भाऊंनी विचारलं. पडद्याआडून त्यांचं माप ऐकलं होतं, त्यामुळे त्यांना स्क्रूंबद्दल घरच्यासारखं वाटायचं.

"त्यांचं काम संपलं. हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं, तेवढ्यापुरतेच ते असतात. आता हाडच हाडाला धरतं."

"मग काढणार त्यांना?"

"त्रास देतायत का?"

"नाही."

"मग राहू द्या आत."

भाऊंना का कोण जाणे, जरा वाईट वाटलं. एवढं धरून ठेवलं त्यांनी, आणि त्यांचा हिशेब एका वाक्यात झाला. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. हंगाम तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींची किंकाळी ऐकू आली. "अहो, घरात कोण आलं होतं?" न्हाणीघरापासून दिवाणखान्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. डावीकडून एक सुरेख, मधे बारीक झालेलं माणसाचं पाऊल गेलं होतं आणि त्याच्या शेजारून इस्त्री फिरली होती. भाऊंनी टॉवेल सावरत त्या ठशांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढा देखणा पाय त्यांच्या घरात कधीच आला नव्हता.

मग त्यांनी कपाटावरून डबा काढला. डावा पाय चॉकलेटी बुटात घातला. तो असा आत गेला की पुढे जाऊन थांबेचना. कमान वर आली तसा पाय आखूड झाला होता आणि अंगानेही उतरला होता. नऊचा चक्क आठ झाला होता. उजवा मात्र नऊच्या जागी नऊ होता, सपाट होता, वर बरणीचा अंगठा होता. तो अर्ध्यापर्यंत गेला आणि अडला. आणि "एकदा घातलेला जोड परत घेतला जाणार नाही" ही दुकानातली पाटी भाऊंनीच स्वतःच्या अक्षरात रंगवलेली होती.

हंगामाच्या पहिल्या दिवशी भाऊ दुकानात गेले ते रबरी चपला घालून. दुसरं काही बसतच नव्हतं. मालकांनी त्यांना दारापासून काउंटरपर्यंत चालताना पाहिलं. पूर्वी भाऊ फक्त संध्याकाळी आणि फक्त डाव्या पायाने लंगडायचे. आता डावं पाऊल ऐटीत पडत होतं आणि उजवं मागून फरपटत येत होतं. जणू एकाच विजारीत दोन माणसं होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

"आणि चपला?" मालक म्हणाले. "बुटांच्या दुकानात? भाऊ, तुम्हीसुद्धा? बसा, बसा. अरे, यांचं माप घे."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. ती इतकी मऊ असते हे त्यांना माहीत नव्हतं. समोर स्टूल, स्टुलावर गादी, गादीवर मेहुणा. त्याने पाय उतारावर घेतला. टाच मागे टेकवून न घेताच त्याने माप घेतलं. भाऊंचे हात शिवशिवले, ते त्यांनी मांडीखाली घेतले.

"डावा आठ, उजवा नऊ," मेहुणा म्हणाला.

"मग डावा आठचा काढ आणि उजवा नऊचा."

"भाऊ, असं देता येतं का? उरलेला जोड कोणाला विकायचा?"

"डावा नऊ, उजवा आठ असा माणूस आणा," मालक काउंटरवरून म्हणाले, "लगेच देतो. नाहीतर दुसराही पाय करून टाका. म्हणजे सरळ आठचा जोड."

दुकानात गर्दी होती. शाळेचे बूट घ्यायला आलेली पोरं, त्यांच्या आया, सगळे त्या दोन वेगळ्या पायांकडे बघत होते. मेहुण्याने साडेआठचा जोड काढला. डाव्यात जाड तळ घातला, उजव्यात पाय ढकलला, शूहॉर्नने, मग गुडघा टेकून. मग त्याने अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं आणि सरळ भाऊंच्या डोळ्यांत बघितलं.

"चामडं आहे," तो म्हणाला. "होईल सैल."

तोच आवाज, तोच अंगठा, मधली तेवढीच विश्रांती. शिकवणाऱ्याने अभिमानाने मान डोलवावी असं काम होतं. ते वाक्य खोटं आहे हे त्या दुकानात भाऊंइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना ओरडावंसं वाटलं, उजवा बूट काढून भिरकावून द्यावासा वाटला. पण खुर्ची मऊ होती, लोक बघत होते, समोरचा माणूस गुडघ्यावर बसून वाट बघत होता, आणि भाऊंना उमगलं की इथे बसलेली सगळी माणसं आजवर काय म्हणून हो म्हणत आली.

"छान बसलेत," भाऊ म्हणाले.

ते आरशापर्यंत चालत गेले आणि परत आले. डावा बूट मागून सुटत होता आणि उजव्याने अंगठा पकडला होता. मालकांनी ती चाल पाहिली, उसासा सोडला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दमलात तुम्ही. आजच्या दिवस आत बसा. नंबर सांगतील तसे डबे पुढे द्या."

भाऊ आत गेले. खोक्यांच्या भिंतीआड एक पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता, त्यावर बसले. पडद्यापलीकडे हंगाम जोरात चालला होता. पाचचा काळा द्या, सहाचा द्या. भाऊ न बघता डबे काढत होते. कुठला डबा कुठे आहे हे त्यांच्या हाताला माहीत होतं. दुपारी जरा गर्दी ओसरली तेव्हा मेहुण्याचा दबका आवाज आला.

"आजच्या दिवसच ना? का कायमचंच आत ठेवायचं त्यांना?"

मालक बहुधा पैसे मोजत होते. नोटांची फडफड थांबली.

"त्यांचा काही त्रास आहे का तुला?"

"नाही. त्रास कसला?"

"मग राहू दे आत."

भाऊंनी हातातला डबा मांडीवर ठेवला. आपल्या डाव्या टाचेत, हाडाच्या पोटात, दोन स्क्रू पडून आहेत हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट जाणवलं. दुखलं नाही. पण ते आहेत हे कळत होतं. मग बाहेरून कोणीतरी सातचा मागितला आणि त्यांनी सातचा दिला.

रात्री घरी आल्यावर ते दारातल्या खुर्चीत बसले आणि नाड्या सोडायचंही विसरले. वहिनी पाणी घेऊन आल्या. नवे बूट त्यांनी पाहिले, मग भाऊंचा चेहरा पाहिला.

"कसे बसले?"

"चामडं आहे," भाऊ म्हणाले. "होईल सैल."

वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. ती त्यांनी हळूहळू, नखाने उकलली आणि बूट काढला. अंगठा काळानिळा झाला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. भाऊ वाट बघत होते. पण वहिनींनी फळीचं नाव काढलं नाही, आणि तेव्हा भाऊंना कळलं की आपलं काही खरं नाही.